एडीएचडीची औषधं नेमकी कोण लिहून देऊ शकतं?

अर्धवट_यादी

नमस्कार मंडळी. वय ३६, काम हिशेबाचं. एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलपणा असतो तो विकार) आहे हे नुकतंच कळलंय. निदान क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनी केलं आणि अगदी सावकाश, खोलात जाऊन केलं. प्रश्नावल्या झाल्या, लक्षाच्या चाचण्या झाल्या, आईशी वेगळं बोलणं झालं, शाळेची जुनी प्रगतिपुस्तकंही त्यांनी मागवली. (दरवर्षी शेरा एकच: ‘हुशार आहे, पण लक्ष नसते.’ बाई बदलल्या, शेरा तोच.)

शेवटी मॅडम म्हणाल्या, औषधाचा विचार करायला हरकत नाही, पण ते मी लिहू शकत नाही, डॉक्टरांकडे जा. मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अहवाल वाचला, बीपी बघितलं आणि म्हणाले, “हे माझ्याकडून नको.” का नको, ते काही नीट सांगितलं नाही. नात्यात एक न्यूरॉलॉजिस्ट आहे. तो म्हणतो, “मी लिहू शकतो, पण लिहिणार नाही.” आता याला काय उत्तर म्हणायचं?

तर, सायकिॲट्रिस्टशिवाय (म्हणजे मनोविकारतज्ज्ञांशिवाय) दुसरं कोणी ही औषधं देऊच शकत नाही का? ज्यांनी इतक्या बारकाईने तपासलं त्यांनाच चिठ्ठी लिहिता येत नाही, हे मला विचित्र वाटतं. आणि सायकिॲट्रिस्टकडे गेले तर ते सगळं पहिल्यापासून करायला लावतील का? आईला पुन्हा त्याच मुलाखतीला बसवायचं माझ्या जिवावर आलंय. ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा. ‘योगा करून बघा’वाल्यांना आधीच नमस्कार.

स्पष्टवक्ता

सायकिॲट्रिस्ट. एका शब्दाचं उत्तर आहे.

गोळी_मोजणारा

अहो स्पष्टवक्ते, एका शब्दात भागलं असतं तर आमच्या खिडकीशी इतके वाद झाले नसते. मी फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून ‘देता येईल’ किंवा ‘असं देता येणार नाही’ म्हणायचं, हे माझं काम. त्यामुळे हा प्रश्न मला उलट्या बाजूने दिसतो. समोर कागद आला की सहीच्या आधी मी औषधाचं नाव बघतो.

ताई, तुमच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा तिथेच होतो. एडीएचडीच्या औषधांचे ढोबळ दोन गट आहेत. पहिला उत्तेजक औषधांचा, म्हणजे मेथिलफेनिडेट आणि ॲम्फेटामिनच्या घराण्यातली डेक्सॲम्फेटामिन, लिसडेक्सॲम्फेटामिन वगैरे. मेथिलफेनिडेट आणि ॲम्फेटामिन ही दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या मनोपरिणामी पदार्थांच्या कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. करारात सामील झालेल्या देशांना त्यांच्यावर नियंत्रण ठेवावंच लागतं. वेगळी चिठ्ठी, वेगळं रजिस्टर, कुलूपबंद कपाट हे सगळं तिथून येतं. दुसरा गट उत्तेजक नसलेल्यांचा: ॲटोमॉक्सेटिन, ग्वानफासिन, क्लोनिडिन. यातली शेवटची दोन मुळात रक्तदाबाची. हा गट बहुतेक ठिकाणी साध्या प्रिस्क्रिप्शनच्या औषधांत मोडतो आणि तिथे सहीचा अधिकारही बराच मोकळा असतो.

म्हणून डॉक्टर ‘नको’ म्हणाले की नेमकं कशाला नको, ते विचारून घ्यायचं. मेथिलफेनिडेटला नको म्हणणारा डॉक्टर पुढे ॲटोमॉक्सेटिनची देखरेख करायला तयार होऊ शकतो. दोन्हींना नको म्हणत असेल, तर बहुधा त्याला या विषयाचा सराव नाही, आणि मग त्याने नको म्हटलं हे चांगलंच झालं.

तुमच्या न्यूरॉलॉजिस्ट नातेवाइकाचं उत्तर मला तरी चोख वाटलं. ‘लिहू शकतो’ हा कायदा झाला, ‘लिहिणार नाही’ हा पेशाचा विवेक. नोंदणी आहे म्हणून सही चालते. पण डोस हळूहळू चढवणं, झोप उडाली तर काय, नाडी वाढली तर काय, चिंतेचा त्रास आधीपासून असेल तर काय, हे रोज करणाऱ्याचं काम आहे. शिवाय नात्यातल्या माणसाकडून नियंत्रित औषध लिहून घेऊच नये. उद्या ‘मला वाटतं हे बंद करूया’ असं त्याला तुमच्या तोंडावर म्हणता आलं पाहिजे, आणि ते नात्यात जड जातं.

आता कायदा. तुम्ही कुठे राहता ते लिहिलं नाहीत, म्हणून दोन देशांचं सांगतो.

भारतात मेथिलफेनिडेट औषध नियमांच्या शेड्यूल एक्समध्ये आहे. वेष्टनावर लाल रंगात ‘एक्सआरएक्स’ छापलेलं असतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, आणि ही औषधं ठेवायला दुकानाकडे वेगळा परवाना असावा लागतो. म्हणून एखादा दुकानदार ‘आमच्याकडे नाही’ म्हणाला तर लगेच टंचाई आहे असं समजू नका, त्याच्याकडे परवानाच नसेल. लिहिणाऱ्याबद्दल नियम ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ एवढंच म्हणतो. प्रत्यक्षात मात्र माझ्यापुढे येणाऱ्या चिठ्ठ्या मनोविकारतज्ज्ञांच्या, मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या आणि विकासात्मक बालरोगतज्ज्ञांच्या असतात. ॲटोमॉक्सेटिन शेड्यूल एचमध्ये, म्हणजे प्रिस्क्रिप्शन लागतंच, पण दोन प्रतींचा सोपस्कार नाही.

अमेरिकेत चित्र बरंच वेगळं आहे. तिथे फॅमिली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ, नर्स प्रॅक्टिशनर (जास्तीचं शिक्षण घेतलेल्या नर्स), फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या जोडीने पेशंट बघणारे प्रशिक्षित सहायक) हे सगळे लिहू शकतात, मात्र नियंत्रित औषधांसाठीची केंद्रीय नोंदणी हवी आणि त्या त्या राज्याचा नियम आड येता कामा नये. उत्तेजक औषधांच्या चिठ्ठीवर ‘रिफिल’ चालत नाही, दर वेळी नवी चिठ्ठी. डॉक्टर एकाच भेटीत पुढच्या तारखांच्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या देऊ शकतो, पण सगळ्या मिळून ९० दिवसांपर्यंतच.

स्पष्टवक्ते, तुमचा एक शब्द चूक नाही, प्रौढांसाठी तोच सरळ रस्ता आहे. फक्त तो एकमेव नाही.

दोघांची_आई

आमचं मुलाचं आहे, त्यामुळे वाट जरा वेगळी. आम्हाला सायकिॲट्रिस्ट लागलेच नाहीत. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ बाईंनी तपासलं, त्यांनीच मेथिलफेनिडेट सुरू केलं. सुरुवातीला डोस कमी, मग थोडा थोडा वर. दर टप्प्यावर एक फॉर्म आम्ही भरायचा आणि एक वर्गशिक्षिकांनी. तो शाळेचा फॉर्म आला नाही तर बाई डोस हलवतच नसत. मला तेव्हा राग यायचा, कारण शिक्षिकांच्या मागे लागून लागून मी थकायचे. पण घरी औषध उतरल्यावरचा मुलगा दिसतो, औषध चालू असतानाचा शाळेत दिसतो, हे बाईंचं म्हणणं बरोबर होतं.

डोस स्थिर झाल्यावर त्यांनी आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना सविस्तर पत्र दिलं. आता नेहमीची चिठ्ठी तेच देतात. उंची, वजन, नाडी, बीपी तेच बघतात आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपके देतात. भूक मरते हो या औषधाने, विशेषतः दुपारची, म्हणून वजनावर सगळ्यांचा डोळा. काही वेगळं वाटलं किंवा डोस बदलायचा असला की परत मोठ्या बाईंकडे.

म्हणजे ‘कोण देतं’ यात दोन माणसं असू शकतात, सुरू करणारा एक आणि चालू ठेवणारा दुसरा. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना हे विचारून बघा. सुरू करायला नको म्हणाले असतील, पण दुसऱ्याने सुरू केलेलं चालू ठेवायला कदाचित ‘हो’ म्हणतील.

मूल सहा वर्षांखालचं असेल तर मात्र आधी आईवडिलांनाच प्रशिक्षण देतात, गोळी नंतरची गोष्ट. माझ्या जावेला हे ऐकून धक्का बसला होता. “त्रास त्याला आणि क्लास आम्हाला?” म्हणाली. केला तिने तो क्लास, आता मलाच शिकवते.

रात्रपाळी

दोघांची_आई, तुम्ही म्हणता ती पद्धत ब्रिटनमध्ये जवळजवळ लिखित नियमासारखी आहे. मी इथे नर्स आहे. ‘नाइस’ या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एडीएचडीचं औषध सुरू करायचं ते या विषयाचं प्रशिक्षण असलेल्या तज्ज्ञानेच. डोस बसवून झाला की जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, ‘शेअर्ड केअर’ करारानुसार पुढच्या चिठ्ठ्या लिहितो आणि तज्ज्ञाकडे वर्षातून एकदा आढावा होतो.

पण एक बघा, तिथे ‘तज्ज्ञ’ म्हटलंय, ‘डॉक्टर’ म्हटलेलं नाही. २०१२ पासून इंग्लंडमध्ये स्वतंत्र प्रिस्क्रिप्शनचा अधिकार मिळवलेल्या नर्स आणि फार्मासिस्ट नियंत्रित औषधंही लिहू शकतात. त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो, प्रत्येक नर्सला तो अधिकार नसतो. मला नाही. माझ्या वरिष्ठ सहकारी बाईंना आहे आणि आमच्याकडे डोस चढवण्याच्या बहुतेक भेटी त्याच घेतात. पेशंट आधी जरा खट्टू होतात, “डॉक्टर नाहीत का?” मग पुढच्या वेळी डॉक्टर भेटले तर “बाई नाहीत का?” विचारतात. एकच गोष्ट दिवसभर करणाऱ्या माणसाचा हात बसलेला असतो.

तक्रारही सांगते. शेअर्ड केअरला जीपी नाही म्हणू शकतो. विशेषतः खासगीत निदान करून घेतलेल्यांचं असं होतं, निदान आहे, डोस बसलाय आणि जीपी म्हणतो मी लिहिणार नाही. मग खासगी चिठ्ठीचा खर्च चालूच राहतो. म्हणून खासगीकडे जाण्याआधी जीपीला लेखी विचारा, असं मी प्रत्येकाला सांगते.

ऑस्ट्रेलियातली माझी मैत्रीण सांगत होती की तिकडे आता फॅमिली डॉक्टरांना जास्त वाव देतायत. क्वीन्सलंडमध्ये डिसेंबर २०२५ पासून जीपी प्रौढांना उत्तेजक औषध स्वतः सुरू करू शकतात. न्यूझीलंडनेही २०२५ मध्ये तसाच बदल जाहीर केला. रांगा इतक्या लांबल्यात की दुसरा इलाजही नव्हता.

चाचणीवाली

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे ‘ज्यांनी तपासलं त्यांनाच का लिहिता येत नाही’ याचं उत्तर मी देते.

आमचं शिक्षण मानसशास्त्राचं आहे, वैद्यकाचं नाही. वागणं, लक्ष, स्मरण, भावना मोजायला आम्ही शिकतो, उपचारपद्धती शिकतो. पण हृदयाचा ठोका ऐकून त्यात काय खटकतंय ते आम्हाला सांगता येणार नाही. उत्तेजक औषध द्यायच्या आधी नेमकं तेच बघायचं असतं: बीपी, नाडी, चक्कर येऊन पडण्याचा इतिहास, घरात कोणाचा तरुणपणी हृदयाने अचानक मृत्यू झालाय का, काचबिंदू आहे का, दुसरी कोणती औषधं चालू आहेत. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०६ ने हे स्पष्टच केलंय. आपल्या व्यवसायक्षेत्रात अधिकृत नसलेलं औषध किंवा उपचार कोणी सुचवायचाही नाही. ‘लिहायचा नाही’ एवढंच नव्हे, ‘सुचवायचाही नाही’. तुमच्या मॅडम ‘अमुक गोळी घ्या’ न म्हणता ‘विचार करायला हरकत नाही, डॉक्टरांकडे जा’ एवढंच का म्हणाल्या, ते यावरून कळेल.

अमेरिकेतल्या काही राज्यांत मात्र सायकॉलॉजिस्टना हा अधिकार आहे. न्यू मेक्सिकोने २००२ मध्ये सुरुवात केली, २००४ मध्ये लुइझियाना, पुढे इलिनॉय, आयोवा, आयडाहो वगैरे. पण डॉक्टरेटनंतर औषधशास्त्राचं आणखी शिक्षण, प्रत्यक्ष देखरेखीखाली काम आणि परीक्षा, एवढं झाल्यावर. आमच्यात यावर दोन तट आहेत. मी ‘नको’वाली. मला एका पेशंटबरोबर पाऊण तास बसायला मिळतो, कारण मी चिठ्ठी लिहीत नाही. चिठ्ठी आली की तो वेळ पहिल्यांदा आटेल.

सगळं पुन्हा करावं लागेल का, हा तुमचा दुसरा प्रश्न. पूर्ण चाचण्या सहसा नाहीत. पण मनोविकारतज्ज्ञ स्वतःची मुलाखत घेतीलच आणि घेतलीच पाहिजे, कारण सही त्यांची आहे. त्यांना काही ठरावीक गोष्टींची खात्री करायची असते. लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसत होती का, घर आणि काम अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का, आणि हे दुसऱ्या कशामुळे तर नाही ना. थायरॉइड, झोपेतला श्वासाचा अडथळा, नैराश्य, चिंता, द्विध्रुवी विकार (बायपोलर), यांतलं काहीही लांबून एडीएचडीसारखं दिसू शकतं. द्विध्रुवी निसटला आणि उत्तेजक सुरू झालं तर परिस्थिती बिघडू शकते.

आईला पुन्हा बसवायची वेळ बहुधा येणार नाही. तुमच्या मॅडमना सांगून अहवालात आईच्या मुलाखतीचा सारांश आणि चाचण्यांचे आकडे दोन्ही घालून घ्या. नुसता निष्कर्ष लिहिलेला अहवाल घेऊन गेलात तर समोरच्याला पुन्हा विचारण्यावाचून गत्यंतर नसतं.

अर्धवट_यादी

बापरे, मी एवढ्या उत्तरांची अपेक्षाच केली नव्हती. फॅमिली डॉक्टरांना फोन केला आणि थेट विचारलं की सुरू करायला नको की चालू ठेवायलाही नको. म्हणाले, “सुरू कोणीतरी करू दे, पत्र आण, पुढचं बघू.” हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर मी रुसून बसले नसते.

अजून दोन शंका. ऑनलाइन सायकिॲट्रिस्ट चालतील का? भारतातच आहे मी. जवळ जे आहेत त्यांची वेळ लवकर मिळत नाही. आणि दुसरं, कामासाठी मला अधूनमधून बाहेरच्या देशांत जावं लागतं, पुढची खेप जपानची आहे. गोळ्या सोबत नेता येतात का? आणि हो, मला चिंतेसाठी फ्लुऑक्सेटिन चालू आहे, ते सांगायचं राहिलं.

गोळी_मोजणारा

शेवटची गोष्ट सगळ्यात आधी सांगायची असते ताई, असो.

फ्लुऑक्सेटिनबद्दल. ॲटोमॉक्सेटिन शरीरात ज्या एन्झाइममुळे मोडतं, तेच एन्झाइम फ्लुऑक्सेटिन अडवतं. म्हणजे नेहमीच्याच डोसमध्ये ॲटोमॉक्सेटिनची रक्तातली पातळी बरीच चढू शकते. डॉक्टर दोन्ही देऊ शकतात, पण मग सुरुवात कमी डोसने आणि वाढ सावकाश. त्यांना माहीतच नसेल तर ते सावकाश का जातील? त्याच गटातल्या पॅरॉक्सेटिनचंही तेच. जाताना चालू औषधांची यादी नेऊ नका, पाकिटंच न्या. यादीत नावं चुकतात, पाकिटावर छापलेलं असतं. आणि फ्लुऑक्सेटिन आपल्या मनाने बंद करून जाऊ नका, तेही लोक करतात.

ऑनलाइनचं. भारतात २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात औषधांच्या याद्या आहेत. शेड्यूल एक्सची औषधं आणि अमली व मनोपरिणामी पदार्थांच्या कायद्याखालची औषधं ‘प्रतिबंधित’ यादीत. म्हणजे व्हिडिओवर भेट होईल, बोलणं होईल, ॲटोमॉक्सेटिनचा विचारही डॉक्टर करू शकतील, पण मेथिलफेनिडेटची चिठ्ठी तिथून निघणार नाही. फोनवरचा फोटो दाखवून ‘हे द्या’ म्हणणारे माझ्याकडे येतात. मी कागद मागतो, तोही दोन प्रतींत, आणि शिव्या खातो. म्हणून निदान पहिली भेट समोरासमोर करा. अमेरिकेतही २००८ च्या कायद्याने प्रत्यक्ष तपासणीची अट घातली होती. कोविडकाळात तिच्यात सूट दिली आणि ती पुन्हा पुन्हा वाढवत नेली, त्यामुळे तिथल्या नातेवाइकाचं ऐकून इथे तसंच होईल असं धरून चालू नका.

जपान. बरं झालं विचारलंत. जपान या बाबतीत फार कडक आहे. ॲडरॉल, म्हणजे ॲम्फेटामिनच्या क्षारांची गोळी, तिथे बंदच आहे. परदेशी डॉक्टरची चिठ्ठी असली तरी आत नेता येत नाही. मेथिलफेनिडेट तिथे मिळतं, पण नोंदणी केलेले डॉक्टर, नोंदणी केलेली दुकानं आणि पेशंटचीही नोंद, अशा साखळीतूनच. प्रवाशाने स्वतःपुरतं नेण्याचे नियम औषधागणिक आणि प्रमाणागणिक वेगळे आहेत. तिकीट काढायच्या आधी त्यांच्या दूतावासाला औषधाचं मूळ नाव, ताकद आणि गोळ्यांची संख्या लिहून ईमेल करा आणि आलेलं उत्तर छापून सोबत ठेवा.

डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की प्रवास असतो. कधीकधी एवढ्यावरून औषधाची निवड बदलते. ॲटोमॉक्सेटिन नियंत्रित यादीत नसल्यामुळे प्रवासाला सोपं जातं, पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात, मेथिलफेनिडेटसारखं त्याच दिवशी कळत नाही. जपानची खेप महिन्याभरात असेल तर हेही त्यांच्यापुढे मांडा.

स्पष्टवक्ता

काका, म्हणजे शेवटी सायकिॲट्रिस्टच ना?

गोळी_मोजणारा

यांच्या बाबतीत, हो. वय ३६, सोबत चिंतेचं औषध, देश भारत, म्हणून सुरुवात तिथे. पुढची चिठ्ठी फॅमिली डॉक्टरांची असेल तरी मी देईन, फक्त औषध शेड्यूल एक्सचं असेल तर दोन प्रती आणा, आणि सहीखाली नोंदणी क्रमांक वाचता येईल असा लिहायला सांगा.